मराठवाड्यातल्या धरणांसाठी हलकी प्लास्टिक कयाक: टिकते किती, अंगाला बसते कशी?

सिंदफणा

नमस्कार मंडळी.

आमचं शेत माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. दिवाळीच्या सुमारास पाणी अगदी बांधापर्यंत असतं, पक्षी उतरलेले असतात, आणि त्या पाण्यावर आपण कधी जात नाही याची खंत मला आणि बायकोला बरीच वर्षं आहे. आता दोन कयाक घ्यायचं नक्की केलंय. शर्यत नाही, लांबचा प्रवास नाही. सकाळी काठाकाठानं तास-दीड तास वल्हवायचं, दुर्बीण घेऊन थांबायचं, परत यायचं.

एक पाहिली आहे: प्लास्टिकची, आत बसायची, साडेनऊ फूट लांब, ७६ सेंटिमीटर रुंद, वजन १७ किलो, क्षमता १२५ किलो. दुसरी त्याच घडणीची पण साडेदहा फुटी, २३ किलोची, क्षमता १५० किलो. दुकानदार म्हणतो, हलकी घ्या, उचलायला सोपी. माझा भाऊ म्हणतो, इतकं पातळ प्लास्टिक आपल्या उन्हात दोन उन्हाळे काढणार नाही.

मी ५ फूट ११ इंच, ९२ किलो. बायको ५ फूट १ इंच, ५४ किलो. दोघांना एकसारख्याच घ्याव्यात असं मनात आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की गाळपेऱ्यातून बरंच अंतर चालत न्यावी लागेल, त्यामुळे वजनाचा प्रश्न आमच्यासाठी खरा आहे. माहीतगारांनी लिहावं ही विनंती.

मन्याड

चांगला विषय. लिंबोटीच्या पाण्यासाठी मलाही घ्यायची आहे. वाचतोय.

साचेकाम

मी वाळूजला रोटोमोल्डिंगच्या कामात आहे. आम्ही कयाक बनवत नाही, पाण्याच्या टाक्या बनवतो. पण बऱ्याचशा प्लास्टिक कयाक याच पद्धतीनं बनतात. पोकळ साच्यात पॉलिइथिलीनची पावडर टाकायची, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवत ठेवायचा, पावडर वितळून साच्याला आतून थर धरते, मग फिरवत फिरवतच थंड करायचं. दाब कुठेच नसतो. त्यामुळे माल किती जाड होणार हे साच्यात पावडर किती टाकली यावर ठरतं. त्याच साच्यातून हलकी कयाक काढायची तर पावडर कमी टाकायची, इतकं ते सरळ आहे.

तुमच्या भावाच्या शंकेबद्दल. पातळ म्हणजे ठिसूळ नव्हे. पॉलिइथिलीन मुळात चिवट. दगडावर आपटलं तर ते वाकतं आणि परत येतं, चटकन फुटत नाही. पातळ केल्यावर जातो तो ताठपणा, आणि तो जाडीच्या घनाच्या हिशोबानं जातो. जाडी पाचव्या हिश्शानं कमी केली तर ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून हलक्या कयाकची पहिली तक्रार "फुटली" अशी येत नाही, "बूड आत आलं" अशी येते. आसनाखाली पोचा धरतो, चालताना बूड पाण्यात लपलपतं, नाव सरळ जायला कुरकुरते. आणि बूड खचलं की त्यावरचं आसन आणि पाय टेकायच्या खुंट्याही जागच्या हलतात. म्हणजे टिकाऊपणा आणि अंगाला बसणं हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत, पण हलक्या कयाकमध्ये तो बराचसा एकच प्रश्न आहे.

हलकी करायचे इतर मार्गही आहेत. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर हवेनं ओढून घेतात, वरचा आणि खालचा असे दोन भाग करून कडेनं जोडतात. त्यात शीट जिथं सगळ्यात खोल ओढली जाते तिथं सगळ्यात पातळ होते. बहुतेकदा तीच जागा जमिनीला घासणारी असते. ब्लो मोल्डिंगमध्ये गरम नळकांडं साच्यात फुगवतात. माल ताठ आणि चिवट निघतो, पण साचे फार महाग, त्यामुळे आकार मोजकेच मिळतात. एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकच्या, वर अ‍ॅक्रिलिकचा थर दिलेल्या कयाकही असतात. चकचकीत, ताठ, हलक्या. पण त्या धक्क्यानं तडकू शकतात, आणि आपल्याकडच्या काठांना काळा पाषाण जागोजाग वर आलेला असतो. मी घेणार नाही.

दुकानात गेलात की आत हात घालून बुडावरून बोट फिरवा. रोटोमोल्डची कयाक आतून पावडरीसारखी खरखरीत लागली तर ती भट्टीत कमी भाजली आहे. पिवळसर झाक आणि जळकट वास असेल तर जास्त भाजली आहे. दोन्ही ठिसूळ. मग तिला ओल्या वाळूवर किंवा गवतावर ठेवून आसनात बसा आणि दुसऱ्याला बाहेरून बूड पाहायला सांगा. जमिनीवरच बूड आत दबत असेल तर पाण्यात वेगळं काही घडणार नाही.

विष्णुपुरी_घाट

राम राम. मी नांदेडचा. विष्णुपुरीच्या पाण्यात अन् खाली गोदावरीत फिरवतो.

लई जण दगडाला भ्यायलेत, पण दगड काही करत नाही. कयाक खाते ती फरफट. मी माझी जुनीच घेतली होती. वरून रंग झकास, पट्टे नवे. मागच्या टोकाला बूड अन् कणा मिळतो तिथं आतून टॉर्च लावला तर बाहेरून बोटाच्या पेराएवढा उजळ ठिपका दिसला. बाकी बुडातून उजेड येत नव्हता. आधीच्या मालकानं पुढचं हँडल धरून घाटाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून ओढत ओढत नेली असणार, सगळा भार त्या एका टोकावर येतो. तेवढा भाग नवा करून घेतला, त्यावर अजून चालायलीय. जुनी घेणाऱ्यांनी टॉर्च खिशात ठेवा.

सिंदफणा दादा, म्हणून तुमच्यासाठी हलकीच बरी असं मला वाटतंय. २३ किलोची एकट्या माणसाच्यानं गाळातून उचलून नेणं होत नाही, मग तो ओढतो. १७ किलोची खांद्यावर घेता येते. उचललेली पातळ कयाक ओढलेल्या जाड कयाकपेक्षा जास्त टिकते.

साचेकाम

विष्णुपुरी भाऊंचा मुद्दा मी धरला नव्हता आणि तो वजनदार आहे. फक्त एक भर घालतो: दोन चाकांची छोटी गाडी मिळते, कयाकच्या मधोमध पट्ट्यानं बांधायची. जाड चाकं असतील तर ती सुकलेल्या गाळपेऱ्यातून चालते. ओल्या चिखलात कोणतीच चाकं चालत नाहीत, तिथं दोघांनी मिळून दोन टोकं उचलायची. गाडी असेल तर १७ आणि २३ मधला फरक बराच कमी होतो.

मन्याड

हवा भरायच्या कयाकबद्दल कुणी बोलत नाही. आठ-दहा किलोत येतात, घडी करून दुचाकीवर जातात. त्या का नकोत?

विष्णुपुरी_घाट

वेडी बाभूळ. धरणात पाणी चढतं तवा काठची सगळी झुडपं बुडतात. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, खाली वीतभरावर काटे. काठावर उतरलं की वाळलेले काटे चिखलात उभे. ज्याचं घर फ्लॅटमध्ये हाय, ठेवायला जागा नाही, अन् जिथं स्वच्छ घाटावरून उतरता येतं, त्यानं खुशाल घ्यावी. दोन-तीन वेगळे कप्पे असलेली घ्यावी, म्हणजे एक बसला तरी बाकीचे तारतात. फुगवट्यात मात्र नको.

पाणकोंबडी

मी छत्रपती संभाजीनगरची, उंची ५ फूट. पक्षी पाहायला म्हणूनच कयाककडे वळले. सिंदफणा दादा, तुमच्या धाग्यातलं एक वाक्य वाचून राहवलं नाही: "दोघांना एकसारख्याच". कृपा करून असं करू नका.

तुमच्या बाजूनं आधी. १२५ किलो क्षमता हा आकडा म्हणजे त्या वजनाला ती बुडत नाही इतकंच. आरामात, पुरेशी पाण्याबाहेर राहून चालायची तर त्याच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंतच भार धरावा असा वल्हवणाऱ्यांमधला ठोकताळा आहे. ७० टक्के म्हणजे साडेसत्याऐंशी किलो. तुम्ही एकटेच ९२, वर पाणी, दुर्बीण, लाइफ जॅकेट. ती कयाक तुमच्यासाठी भरलेलीच आहे. शिवाय हा आकडा काढायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. एकाचे १२५ आणि दुसऱ्याचे १२५ सारखे धरू नका.

आता ताईंच्या बाजूनं. ५४ किलोचं माणूस त्याच कयाकमध्ये बसलं की ती पाण्यावर फार उंच तरंगते. उंच तरंगली की वारा तिला वळवतो. संध्याकाळी वारा सुटला की ताई वल्हवणार कमी आणि तोंड सरळ करत बसणार जास्त. आणि ७६ सेंटिमीटर रुंदी! माझ्या उंचीच्या बाईचे हात त्या कडेवरून पाण्यापर्यंत पोचायला खांदे उचलावे लागतात, कोपरं कडेवर घासतात, अंगठ्याच्या मुळाची कातडी प्रत्येक वल्ह्याला काठावर आपटते. अर्ध्या तासात बाई म्हणते, मला हे जमत नाही. तिला सगळं जमतं, कयाक तिच्या मापाची नसते. मी हे इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय की आता कुणी बायकोसाठी कयाक घेतोय म्हटलं की मी आधी विचारते, त्यांना त्यात बसवून पाहिलं का?

लहान चणीच्या माणसासाठी ६६ ते ७० सेंटिमीटर रुंदीची, काठ कमी उंचीचा असलेली शोधा. अशी मुळातच लहान असल्यामुळे ती प्लास्टिक पातळ न करताही हलकी असते. तिथं हलकेपणाची किंमत द्यावी लागत नाही.

बसल्यावर काय पाहायचं ते सांगते. बूट घालून बसा, कारण पाण्यात बुटासकटच बसणार आहात. पायाचा चवडा खुंटीवर, टाच मध्याकडे, गुडघे थोडे वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला पसरून वरच्या आवरणाला आतून टेकलेले. गुडघा टेकायला जागाच लागत नसेल तर कयाक मोठी आहे. गुडघा दाबून धरला जात असेल तर लहान. कमरेच्या दोन्ही बाजूंना तळहात सपाट सरकवून पाहा. सहज सरकला पाहिजे, मूठ मावता कामा नये. मूठ मावत असेल तर फोमचे तुकडे लावून जागा भरता येते. जास्त अडचण झाली तर मात्र उपाय नाही, प्लास्टिक सैल होत नाही. आणि तुमची उंची पाहता तुम्ही एक खास तपासा: शेवटच्या खाचेत खुंटी ठेवल्यावर पायाचा अंगठा वरच्या आवरणाला लागतो का. कमरेला छान बसणाऱ्या कित्येक कयाक मोठ्या पावलांच्या माणसाला तिथं नडतात.

वल्हं रुंदीवरून ठरतं. ७६ सेंटिमीटरच्या कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचं, अरुंद कयाक आणि लहान उंचीला २२०. एकाच मापाची जोडी दुकानदार फुकट देत असेल तरी घेऊ नका.

सिंदफणा

पाणकोंबडी ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बायकोनं माझ्याआधी वाचला आणि टेप घेऊन बसली.

एक विचारतो. आम्ही दोघंही जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसणारी माणसं. तरी दुकानात पाय लांब करून दहा मिनिटं बसलो तर माझ्या मांडीच्या मागं ओढ बसली आणि डाव्या पायाला मुंग्या आल्या. हे वयाचं की कयाकचं?

फिजिओ_लातूर

दोन्हींचं थोडं थोडं, पण उपाय कयाकमध्येच आहे.

मांडी घालून बसणं आणि पाय लांब करून ताठ बसणं यात वेगळे स्नायू ताणले जातात. मांडी घालताना गुडघे वाकलेले असतात, त्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू सैल राहतात. कयाकमध्ये पाय पुढं गेले की ते ताणतात, कमरेला मागं खेचतात, पाठ गोल होते आणि माणूस पाठटेकूवर रेलतो. रेलून वल्हवलं की सगळं काम खांद्यावर आणि कमरेच्या मणक्यांवर येतं.

खुंटी एक खाच जवळ घ्या, म्हणजे गुडघे जास्त वाकतील आणि ओढ कमी होईल. मुंग्या येतात त्या बहुतेकदा आसनाची पुढची कड मांडीच्या मागं रुतल्यामुळे आणि मांडीला खालून आधार नसल्यामुळे. मांडीखाली फोमचा निमुळता तुकडा ठेवा, भार पसरतो. पाठटेकू उंच आणि गादीचा पाहून भुलू नका. तो कमरेच्या पट्ट्याच्या पातळीला आधार देणारा हवा, अंग त्याला लागून राहील पण त्यावर पडणार नाही इतका. उंच पाठटेकू लाइफ जॅकेटच्या मागच्या भागाला ढकलतो आणि जॅकेट हनुवटीपर्यंत चढतं, हेही पाहा. जॅकेट घालूनच बसून बघा.

दुकानात वीस-पंचवीस मिनिटं बसा, दुकानदार काही म्हणो. आणि सायटिकेचा जुना त्रास असेल तर आत बसायच्याऐवजी वर बसायची कयाक बघा, तिच्यात पाय हवे तसे हलवता येतात.

मन्याड

वर बसायची म्हणजे ती भोकं असलेली? त्यात पाणी येत नाही का?

साचेकाम

भोकं निचऱ्याची असतात. बैठक पाण्याच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे अंगावर आलेलं पाणी त्यातून खाली जातं. बसणाऱ्याचं बूड ओलं होतं, पण आत पोकळी बंद असल्यानं ती भरत नाही आणि उलटली तर सुलटी करून पुन्हा चढता येतं. नवख्यांसाठी आणि आपल्या उकाड्यासाठी ती चांगली. तोटा असा की त्याच लांबीला ती सहसा जड असते आणि बैठक उंच असल्यानं जास्त रुंद करावी लागते. भोकांच्या आतल्या कडा ही तिची कच्ची जागा. काही जण गाडीचे खांब त्या भोकांत घालतात, तिथं चिरा पडतात. पट्ट्याची गाडी वापरा.

आत बसायच्या कयाकबद्दल मात्र एक गोष्ट कुणी लिहिली नाही. या स्वस्त, हलक्या मॉडेलमध्ये पुष्कळदा आत आडवी भिंत एकच, मागच्या बाजूला असते किंवा नसतेच. पुढचा भाग मोकळा. उलटली की पाणी भरतं, आणि लिटरला एक किलो या हिशोबानं दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पॉलिइथिलीन स्वतः तरंगतं, म्हणून तळाला जाणार नाही, पण रिकामी करून परत चढणं पाण्यात जवळपास अशक्य. पुढं आणि मागं हवेच्या पिशव्या फुगवून बसवा आणि त्या दोरीनं बांधा, नाहीतर त्याच बाहेर तरंगत येतात. वजनात फरक नगण्य.

अस्तरवाला

जालना जिल्ह्यात शेततळ्यांचं अस्तर बसवायचं काम करतो. अस्तराचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद जोडणं रोजचंच, त्यामुळे आसपासच्या टाक्या, पाइप आणि आता दोन-तीन कयाकही माझ्याकडे येतात. दुरुस्तीबद्दल लिहितो.

एम-सील, फेविक्विक, एपॉक्सी यातलं काहीही पॉलिइथिलीनला धरत नाही. वाळलं की पापुद्र्यासारखं निघतं. तात्पुरतं पाणी थांबवायचं तर ब्युटाइलची चिकटपट्टी, जागा कोरडी आणि खरखरीत करून. कायमचं म्हणजे गरम हवेच्या बंदुकीनं वेल्डिंग.

चीर दिसली की आधी तिची दोन्ही टोकं शोधा. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढं ती गेलेली असते. कयाक आतून दाबली की खरं टोक उघडतं. त्या टोकाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग चिरेवर इंग्रजी व्हीसारखी खाच करायची आणि आजूबाजूचा वरचा थर खरवडून काढायचा. हे खरवडणं लोक टाळतात. उन्हानं जुनाट झालेला थर वितळल्यासारखा दिसतो पण एकजीव होत नाही. खरवडल्यावर आतलं ताजं, मेणासारखं प्लास्टिक दिसलं पाहिजे. भरायचा धागा शक्यतो त्याच कयाकचा घ्या. आसनाच्या तोंडाच्या कडेखाली जादा ओठ असतो, तिथून चाकूनं पट्टी काढता येते. पाइपाचा तुकडाही चालतो, पण पाइपाचं प्लास्टिक वेगळ्या तापमानाला मऊ होतं, आधी लपलेल्या जागी लावून, थंड करून, ओढून पाहा. धागा आणि खाच दोन्ही एकाच वेळी चमकू लागली की दाबत पुढं जायचं. धूर दिसला तर जास्त तापलं. मोठ्या चिरेला आतून बारीक स्टीलची जाळी बसवून वर प्लास्टिक चढवतो. पाणी मारून घाईनं थंड करू नका.

क्रॉसलिंक केलेलं पॉलिइथिलीन असेल तर यातलं काहीच लागू नाही, ते परत वितळत नाही. घेतानाच विचारा.

मागच्या टोकाची झीज लवकर धरली तर वरून थर चढवता येतो. विष्णुपुरी भाऊ म्हणतात तसा उजेड दिसायच्या आधी आणा.

आणि पोचा ही दुरुस्तीची गोष्टच नाही. उन्हात तासभर ठेवा, बूड वर करून, आणि आतून हातानं दाबा. नाहीच आला तर गरम पाण्याची पिशवी. आला की तिथं गार पाण्याचं फडकं ठेवून आकार बसू द्या.

पाणकोंबडी

अस्तरवाले दादा, एक विनंती तुमच्याकडूनच यावी असं वाटत होतं, पण मीच लिहिते. सराव करायला शेततळं सोयीचं वाटतं, पाणी स्थिर, घराजवळ. त्या अस्तरावर शेवाळ धरलेलं असतं, उतार सरळ, पाय रोवायला काही नसतं. पट्टीचे पोहणारे तिथं बुडून गेलेत. दोर आणि टायरची शिडी नसलेल्या शेततळ्यात कयाक काय, पायही घालू नका.

अस्तरवाला

शंभर टक्के. आम्ही अस्तर बसवलं की चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर सोडूनच निघतो.

सिंदफणा

आज पुन्हा दुकानात जाऊन आलो, या वेळी बूट, जॅकेट सगळं घेऊन.

१७ किलोच्या कयाकमध्ये मी बसल्यावर आसनाखाली बूड स्पष्ट आत गेलं, भावानं बाजूनं पाहिलं. साडेदहा फुटीमध्ये तसं झालं नाही. तिच्यात शेवटून दुसऱ्या खाचेत पाय बसतात आणि अंगठा मोकळा राहतो. ७० टक्क्यांच्या हिशोबानं १०५ किलो येतात, म्हणजे मला सामानासकट पुरतात. बायकोसाठी तिथंच कोपऱ्यात एक नऊ फुटी, ६८ सेंटिमीटर रुंदीची होती, १६ किलोची. दुकानदारानं ती मुलांची म्हणून आधी दाखवलीच नव्हती. बायको तिच्यात बसली, गुडघे टेकले, हात कडेला लागले नाहीत. क्षमता ९० किलो. ६३ किलोचा हिशोब येतो. बायकोसाठी ही बरोबर आहे का?

पाणकोंबडी

५४ अधिक जॅकेट आणि पाण्याची बाटली, बरोबर बसतं. मुलांची म्हणजे खरोखर शाळकरी मुलांची असती तर क्षमता याहून बरीच कमी असती. आसन फार खोल वाटलं तर खाली दोन सेंटिमीटर फोम घाला, त्याहून जास्त नको, बैठक वर गेली की डोलायला लागते. घ्या.

विष्णुपुरी_घाट

लई झकास. आता ऊन. पिकअपवर किंवा छोट्या हत्तीवर आणताना पट्टे दुपारी करकचून आवळू नका. तापलेलं प्लास्टिक पट्ट्याखाली दबतं अन् तसंच थंड होतं. बूड वर करून, काठांवर ठेवून आणा.

पाण्यात दोन गोष्टींना जपा. जाळ्यांच्या दोऱ्या, त्या भोई बांधवांच्या पोटाच्या आहेत, वल्ह्यात अडकल्या तर कापायच्या नाहीत, मागं येऊन सोडवायच्या. अन् काठच्या मोटारी. पाणी मागं सरकलं की शेतकरी मोटार पुढं पुढं नेतात, केबल चिखलातून, पाण्यातून गेलेली असते, जोड उघडे असतात. चालू मोटारीच्या आसपास उतरायचं नाही.

पाणकोंबडी

आणि कधी पैठणला यावंसं वाटलं तर आधी वन विभागाकडे विचारा. नाथसागर हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय नाव घालता येत नाही, आणि तसंच असायला हवं. हिवाळ्यात पट्टकादंब आणि रोहित विसावलेले असतात, एक कयाक जवळ गेली की सगळा थवा उठतो. इतर धरणांवरही पाटबंधारे कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. शिवाय नाथसागराची लांबी ५५ किलोमीटरच्या आसपास. दुपारनंतर वारा सुटला की तिथं ज्या लाटा उठतात त्या या उघड्या तोंडाच्या कयाकसाठी नाहीत.

सिंदफणा

दोन्ही घेतल्या. शेवटचा प्रश्न. ठेवायला गोठ्याशेजारचं पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात आत भट्टी होते. भिंतीला उभी करू, की खाली आडवी ठेवू?

साचेकाम

उभी नको, सगळं वजन एका टोकावर येऊन ते चेपतं. बुडावर सपाटही नको, पोचा धरतो. वाशाला दोन रुंद पट्टे बांधून झोपाळ्यासारखी टांगा, किमान दोन इंच रुंद पट्टे, अरुंद दोरी प्लास्टिकमध्ये रुतते. लांबीचे चार भाग करा आणि दोन्ही टोकांपासून पहिल्या चतुर्थांशावर पट्टा घ्या. पत्र्यापासून दोन हात तरी खाली असू द्या, पत्र्याची धग थेट लागते. सामानाच्या कप्प्यांची झाकणं सैल ठेवा, आत कोंडलेली हवा तापून फुगली की आतली भिंत सांध्यातून सुटते. शेडच्या ज्या बाजूनं दुपारचं ऊन आत येतं तिथं हिरवी शेडनेट लावा. अतिनील किरणांना रोखणारं रसायन प्लास्टिकमध्ये घातलेलं असतं, पण ते वर्षानुवर्षं सरत जातं.

उन्हाळ्याच्या शेवटी खुंट्यांच्या पट्टीचे स्क्रू तपासा. तीन मीटरचं पॉलिइथिलीन थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सेंटिमीटरभर तरी लांबतं-आखडतं, पण धातूची पट्टी तितकी लांबत नाही, त्यामुळे चिरा पहिल्यांदा त्या भोकांपासून निघतात. स्क्रूखाली रबराचा वायसर घालून हातानं आवळा, मशिननं नको.

अस्तरवाला

गोठा जवळ आहे म्हणजे उंदीर असणार. आसनाचा फोम ते कुरतडतात. फोम काढून घरात ठेवा. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढाल तेव्हा आत पाय घालण्याआधी कयाक उलटी करून ठोका, पुढच्या टोकापर्यंत टॉर्च मारा. गांधीलमाशीचं पोळं आणि विंचू दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर निघालेत.